कूलरशेजारची जागा

धरमपेठेतल्या नादमर्म मंडळाची बैठक दर रविवारी संध्याकाळी मनोहरराव घारपुऱ्यांच्या दिवाणखान्यात भरत असे. मनोहरराव सेशन्स जज्ज म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत जन्मभर त्यांनी साक्षीदारांचे आवाज ऐकले होते, आणि माणूस खरं बोलतो की खोटं हे शब्दांवरून नव्हे, आवाजाच्या पोतावरून कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. वरच्या कोर्टाने त्यांचे किती निकाल फिरवले होते, हे मंडळात कोणी विचारत नसे.

मंडळात गाणं ऐकत नसत. गाणं काय, पानठेल्यावरही ऐकतात, असं मनोहरराव म्हणत. मंडळात ऐकायचा तो आवाजाचा रंग. सतारीचा सा आणि सनईचा सा एकाच उंचीचे असले तरी डोळे मिटून वेगळे ओळखू येतात, ते कशामुळे? त्या वेगळेपणाला मनोहरराव ‘नादाची जात’ म्हणत. मंडळात नादाची जात बारकाईने विचारली जाई. माणसाची विचारत नसत, कारण ती सगळ्यांना आधीच ठाऊक असे.

हे रंग सांगायचे कसे, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी अचानक सुटला होता. मनोहररावांच्या घराला ऑइलपेंट द्यायचा म्हणून दुकानातून शेड कार्ड आलं. भिंतींना शेवटी चुनाच लागला, पण शेड कार्ड घरात राहिलं. मंडळाच्या सभासद शोभाताई कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. त्यांनी एका रविवारी ते उचललं आणि म्हणाल्या, “शब्दांत मतभेद होतात. आपण यावरून का बोलत नाही?” तेव्हापासून अभिप्राय शेड कार्डावरून दिले जात.

“सनईचा हा निषाद मला गेरू वाटतो,” शोभाताई म्हणत.

“गेरू? छे! विटकरी. गेरूला इतकी ओल नसते,” असा मनोहररावांचा निर्णय येई.

मग गेरू आणि विटकरी यांवर पाऊण तास जाई. तेवढ्यात रेकॉर्ड संपून सुई मधल्या लेबलाजवळ खरखरत बसलेली असे, तिकडे कोणाचं लक्ष नसे. शेड कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं होतं, आणि चिवडा खाल्लेल्या हातांनी त्याला शिवायची मनाई होती.

बसायच्या जागाही ठरलेल्या होत्या. सोफ्यावर मनोहरराव, शोभाताई आणि भैय्याजी. भैय्याजी संत्र्यांचे मोठे व्यापारी. आपल्याला आवाजातलं काही कळत नाही, असं ते स्वतःच मोकळेपणाने सांगत, पण रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि सगळ्या रेकॉर्डी त्यांच्या असल्यामुळे त्यांना सोफ्यावरून उठवणं कठीण होतं. सोफ्यामागे खुर्च्या, खुर्च्यांमागे सतरंजी. सतरंजीच्या अगदी टोकाला, खिडकीत बसवलेल्या पत्र्याच्या कूलरला टेकून जी जागा होती, ती मंडळातली सर्वांत हलकी. तिथे बसणाऱ्याचा डावा खांदा गारठून जाई आणि वाळ्याच्या ताट्यांमधून उडणारं पाणी चष्म्यावर येई.

त्या जागी मधुकरराव बसत.

मधुकरराव एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते. संगीतावरचं त्या ग्रंथालयातलं प्रत्येक पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं. ‘मधाळ आवाज’ असं छापलेलं दिसलं की त्यांना पटे. प्रत्यक्ष आवाज ऐकला की मधाचं काही आठवत नसे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गाण्याच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव.” तेव्हापासून ते ओठ हलवतच आले होते. मंडळात ओठांऐवजी मान हलवत, एवढाच फरक. पण मरण्याआधी एकदा तरी आपल्याला कान आहे की नाही हे कळावं, अशी एक गुपचूप इच्छा त्यांच्या मनात होती. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. सुभद्राबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं होतं की रविवारी तिथे थंड हवा असते.

मंडळाचा एक नियम होता. नवा माणूस वर्षभर उमेदवार म्हणून सतरंजीवर बसे. वर्ष भरलं की त्याने सगळ्यांसमोर स्वतःचा एक अभिप्राय द्यायचा. तो मान्य झाला तर सभासदत्व. नाहीतर त्याची जागा दुसऱ्याला, कारण कूलरचा वारा जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतच मंडळाचा विस्तार करता येत होता, आणि बाहेर तीन माणसं वाट पाहत होती. मधुकररावांचं वर्ष अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात भरलं.

त्या रविवारी भैय्याजींनी एका जुन्या वादकाची रुद्रवीणेची रेकॉर्ड आणली होती. बाहेर धरमपेठेतला डांबरी रस्ता मऊ पडला होता. आत कूलर भरभरत होता. नागपूरच्या माणसाला एप्रिल ते जून कूलर ऐकू येत नाही, बंद पडला तरच येतो. मधुकररावांच्या घरी मात्र कूलर नव्हता. पंखा होता, आणि दाराला ओला पंचा.

आलाप अर्ध्यावर आला तेव्हा मनोहररावांनी हात वर केला. “मधुकरराव, तुमचं वर्ष भरलं. बोला.”

सगळ्यांनी माना वळवल्या. मधुकररावांचा डावा खांदा गार होता आणि उजवा घामाने भिजलेला. त्यांनी आदल्या रात्री तीन पुस्तकांतून वाक्यं काढून ठेवली होती. ऐन वेळी त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. आता काहीच उरलं नाही, म्हणून त्यांनी जे ऐकू येत होतं तेच सांगितलं.

“खाली... म्हणजे वीणेच्या खाली... आणखी एक काहीतरी आहे.”

“काय आहे?”

“आवाज. वीणा थांबली तरी तो थांबत नाही. एकाच स्वरावर असतो. सावलीसारखा. मधूनच थरथरतो. आणि जरा... ओलसर आहे.”

 मनोहररावांनी डोळे मिटले. एका उमेदवाराला जे ऐकू येतं ते अध्यक्षांना येऊ नये, हे शक्य नव्हतं. त्यांनी मान तिरकी केली, कपाळाला आठी घातली, आणि थोड्या वेळाने आठी सोडली.

“आहे,” ते म्हणाले.

“मला गेल्याच रविवारी जाणवलं होतं,” शोभाताई लगेच म्हणाल्या. “म्हटलं, आधी खात्री करावी, मग बोलावं.”

खुर्च्यांवरचे दोघे-तिघे म्हणाले की त्यांनाही येतो आहे, विशेषतः डाव्या कानाला. कूलर त्यांच्या डावीकडे होता.

“असंल बुवा,” भैय्याजी म्हणाले. “रेकॉर्ड जुनी हाय, पण माल पक्का निंगला म्हणायचा.”

शेड कार्ड पिशवीतून बाहेर आलं. बराच वेळ शोधून ‘शेवाळी’ या रंगावर एकमत झालं. मनोहरराव उठले आणि त्यांनी स्वतः मधुकररावांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. भैय्याजींना थोडं सरकावं लागलं. मधुकररावांनी इतका मऊ सोफा यापूर्वी फक्त मुलाच्या सासरी पाहिला होता, आणि तिथेही ते खुर्चीवरच बसले होते.

मनोहररावांनी त्या आवाजाचं नाव ठेवलं, मंद्रछाया. पुढच्या रविवारी ती सारंगीतही सापडली. त्याच्या पुढच्या रविवारी सनईत, आणि मग एका बाईंच्या ठुमरीतही. आधी कधी ती ऐकू आली नव्हती, मग आताच सगळीकडे कशी येते, असं एका खुर्चीवाल्याने विचारलं. “कान एकदा उघडला की उघडला,” मनोहरराव म्हणाले. त्यांनी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. त्यात ‘आमच्या मंडळाला आढळलेली’ असे शब्द होते. मधुकररावांचं नाव नव्हतं, पण ते नाव नसलेलं कात्रणही मधुकररावांनी जपून ठेवलं. लेख वाचून पुण्याचे डॉक्टर खांबेटे, जे ध्वनिसौंदर्यावर व्याख्यानं देत, त्यांनी कळवलं की आपण डिसेंबरात नागपूरला येत आहोत आणि मंद्रछाया प्रत्यक्ष ऐकू इच्छितो.

मधुकरराव आता चालतानाही मान थोडी तिरकी ठेवू लागले. दूधवाल्याची चरवी, सायकलची घंटा, देवळातली झांज, सगळ्यांचे रंग त्यांना दिसू लागले. निदान दिसतात असं वाटू लागलं. गाण्याच्या मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, नाहीतर ते त्यांना भेटायला गेले असते.

जूनच्या शेवटी, पाऊस तोंडावर आल्यावर, कूलर स्वस्त होतात. सुभद्राबाईंनी भावाकडून एक जुना कूलर आणवला. भाऊ भिवापुराहून मिरच्यांच्या ट्रकमध्ये घालून तो घेऊन आला आणि त्याच्या ताट्यांना मिरच्यांचा वास येत होता. तरी पण कूलर तो कूलर. पाणी भरलं, बटण दाबलं. मधुकरराव आतल्या खोलीत वाचत पडले होते. ते उठून बसले.

“सुभद्रे! ऐकलं का वं?”

“काय?”

“मंद्रछाया! रेकॉर्ड नाही, वीणा नाही, अन् तरी...”  आपला कान आता वाद्याशिवायही ऐकू लागला, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुभद्राबाई दारात आल्या. “काय म्हणून राहिले?”

“हा आवाज. खालचा. एका स्वरावर हाय पाहा. थरथरते. ओलसर.”

“तो कूलर व्हय,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“कूलर वेगळा. त्याच्या आत जो...”

सुभद्राबाईंनी बटण बंद केलं. पाती हळूहळू मंदावली, आवाज खाली खाली घसरला आणि थांबला. खोलीत फक्त ताट्यांमधून पाणी ठिबकत होतं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आवाज पुन्हा आला.

“कूलरच व्हय,” त्या म्हणाल्या, आणि कणीक मळायला गेल्या.

मधुकरराव दिवसभर बटणापाशी बसले होते. दाबायचे, ऐकायचे, बंद करायचे. शंकेला जागा उरली नाही. जन्मभरात आपल्याला गाण्यातली एकच गोष्ट खरोखर ऐकू आली, आणि ती गाण्यातली नव्हती. आणि तिच्या जोरावर आपण सोफ्यावर बसलो आहोत.

जुलैत घारपुऱ्यांच्या कूलरवर ताडपत्री बांधली गेली. पहिल्याच रविवारी रुद्रवीणा लागली आणि मंद्रछाया आली नाही. मधुकररावांनी सोफ्याच्या हाताला घट्ट धरलं. आता कोणीतरी बोलेल, असं त्यांना वाटलं.

“आज छाया सूक्ष्म आहे,” मनोहरराव म्हणाले.

“सूक्ष्म आहे, पण आहे,” शोभाताई म्हणाल्या.

ऑगस्टात भैय्याजींनी सुई बदलली. सप्टेंबरात स्पीकर बदलला. छाया अतिसूक्ष्म झाली. दिवाळीपर्यंत ती इतकी सूक्ष्म झाली होती की तिच्याविषयी बोलताना सगळेच आवाज खाली आणत, जणू कोणी आजारी माणूस शेजारच्या खोलीत झोपला आहे. शेड कार्डावर आता ‘शेवाळी’च्या शेजारचा ‘फिका शेवाळी’ दाखवत. त्याच्या शेजारी पांढरा होता.

डॉक्टर खांबेट्यांची तारीख जवळ येऊ लागली तशी मधुकररावांची झोप उडाली. गप्प बसलं तर मनोहररावांची पुण्याच्या माणसासमोर फजिती होणार. बोललं तर आपला सोफा जाणार. सोफ्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की आपल्याला कान नाही हे पुन्हा, या वेळी कायमचं, सिद्ध होणार. ‘नुसते ओठ हलव’ हे वाक्य त्यांना मास्तरांच्याच आवाजात ऐकू येई. शेवटी एका सकाळी ते मनोहररावांच्या घरी गेले. मनोहरराव अंगणात उन्हात बसून संत्री सोलत होते.

“ती छाया...” मधुकररावांनी सुरुवात केली आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं. घरचा कूलर, बटण, सुभद्राबाई.

मनोहररावांनी फोडीवरचा पांढरा दोर काढला. “म्हणजे तुमच्या घरच्या कूलरवरून तुम्ही आमच्या कूलरविषयी अनुमान काढता?”

“तसं नाही, पण आवाज तोच...”

“दुसरा साक्षीदार?”

“बायको.”

“हितसंबंधी साक्षीदार.” मनोहररावांनी फोड तोंडात टाकली आणि बिया हातावर घेतल्या. बराच वेळ ते गेटाकडे पाहत होते. त्या वेळात मधुकररावांना वाटलं, यांना हे जुलैपासूनच माहीत आहे. मग वाटलं, छे, आपल्यालाच तसं वाटतं आहे. “ऐकलं,” मनोहरराव अखेर म्हणाले. “निकाल राखून ठेवतो. घ्या, संत्रं घ्या.”

डॉक्टर खांबेटे आले त्या रविवारी नागपुरात थंडीची लाट होती. मधुकरराव दिवाणखान्यात शिरले आणि दारातच थबकले. कूलरवरची ताडपत्री काढलेली होती आणि कूलर भरभरत होता. सगळं मंडळ शाली, स्वेटर आणि कानटोप्या घालून बसलं होतं. कानटोप्या कानांवरून वर दुमडल्या होत्या, कारण ऐकायचं होतं. शोभाताईंचे ओठ निळसर दिसत होते. भैय्याजींनी रजईच आणली होती.

“नागपूरची हवा कोरडी,” मनोहरराव पाहुण्यांना समजावून सांगत होते. “नादाला ओल लागते, डॉक्टर. ओलीशिवाय मंद्रछाया वाहत नाही. हे निरीक्षण आमच्या एका सभासदाचं.” त्यांनी मधुकररावांकडे मान वळवली आणि कौतुकाने हसले. “या. इकडे, सोफ्यावर या.”

मधुकरराव सोफ्यावर बसले. आपण सांगितलेलं खरं ठरलं, की खोटं, की दोन्ही, हे त्यांना कळेना.

रेकॉर्ड लागली. वीणा सुरू झाली आणि तिच्याखाली कूलर. डॉक्टर खांबेटे मफलर गुंडाळून, डोळे मिटून ऐकत होते. त्यांना दोन शिंका आल्या. तिसरी त्यांनी दाबून धरली आणि म्हणाले, “अहाहा! आहे. स्पष्ट आहे. पुण्यात आम्हांला हे कधी जाणवलं नाही.”

“पुण्याला त्यासाठी...” मनोहररावांनी नम्रपणे वाक्य अर्धं सोडलं.

“हे प्रथम ऐकलं ते कोणी?” डॉक्टरांनी विचारलं. “त्यांच्या तोंडून दोन शब्द ऐकायला आवडतील.”

पुन्हा सगळ्या माना वळल्या. नुसतं ‘आहे’ म्हणायचं होतं. खरं तर म्हणायचंही नव्हतं, मान हलवली असती तरी चाललं असतं, आणि मान हलवण्यात मधुकररावांचा हात धरणारा त्या खोलीत कोणी नव्हता. पण त्या क्षणी त्यांना एक विचित्र गोष्ट ऐकू आली. मे महिन्यातला आवाज गोल होता, भरलेला होता. आजच्या आवाजाला कडा होत्या. पेंढा चोळल्यासारखं काहीतरी त्यात होतं. मनोहररावांनी कूलर लावला होता, पण डिसेंबरात त्यात पाणी कोण भरणार? ताट्या कोरड्या होत्या. रंग तो नव्हताच. आणि हा फरक आपल्याला, शेड कार्डाशिवाय, बसल्या जागी ऐकू आला, हे लक्षात येताच मधुकरराव उठले. आपण काय करतो आहोत हे नीट न कळताच ते खुर्च्यांच्या पायांमधून वाट काढत, सतरंजीवरून कूलरपाशी गेले. दुसऱ्याच्या घरात पाण्याचा पेलाही न मागणाऱ्या त्या माणसाने भिंतीतला प्लग ओढून काढला.

पाती मंदावली. आवाज घसरत घसरत तळाला गेला आणि संपला.

मग वीणा एकटी उरली. आतापर्यंत मधुकररावांनी तिच्याखालचं ऐकलं होतं, तिला कधी ऐकलंच नव्हतं. तारेवर नखी लागते तेव्हाचा बारीक धातूचा कण, मग त्याच्या मागून येणारा भोपळ्याचा पोकळ, लाकडी गंभीरपणा, मग तार बाजूला ओढताना तो स्वर जड होत जाणं. आणि प्रत्येक मोठी मींड ओढायच्या आधी, अगदी हलका, नाकातून घेतलेला एक श्वास. वाजवणारा म्हातारा असावा. जिना चढताना थांबावं तसा तो थांबे, श्वास घेई, मग तार ओढी. मधुकरराव प्लग हातात धरून उभे होते.

 मनोहररावांचे डोळे मिटलेले होते. कोर्टात वकील भलतंच बोलून बसला की ते असेच डोळे मिटून घेत असत. आता ते उघडले.

“पाहिलंत, डॉक्टर?” ते शांतपणे म्हणाले. “माध्यम काढून घेतलं, तरी छाया उरली.”

“उलट अधिक स्वच्छ झाली!” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी दाबून ठेवलेली शिंक दिली.

“फिका शेवाळी,” शोभाताई कुजबुजल्या.

“मधुकरराव, तुम्ही सांगा,” मनोहरराव म्हणाले. आवाज सौम्य होता. त्यांनी परतीची वाट मोकळी ठेवली होती, आणि ती मधुकररावांना दिसतही होती. “छाया आहे ना?”

“नाही,” मधुकरराव म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज फार पातळ वाटला. “आता नाही. पण श्वास आहे.”

“कोणाचा?”

“वाजवणाऱ्याचा. मींडेच्या आधी घेतो. पाहा... हा.”

सगळ्यांनी पाहिलं. ऐकलं की नाही, कोण जाणे.

“तो ध्वनिमुद्रणातला दोष,” डॉक्टर खांबेटे म्हणाले. “जुन्या रेकॉर्डींत असतं तसं. त्याकडे दुर्लक्ष करायला शिकावं लागतं.”

“श्वासाला जात नसते,” मनोहरराव म्हणाले, आणि इतक्या दिवसांचा राखून ठेवलेला निकाल त्यांनी तिथेच दिला. “ज्याला स्वतः शोधलेली छाया ऐकू येत नाही, त्याच्या कानाला विश्रांतीची गरज आहे. काही दिवस घरी आराम करा, मधुकरराव. जागा आपण कोणाला तरी देऊ.”

मधुकररावांनी प्लग कूलरवर अलगद ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि चपला घातल्या. मफलर सोफ्यावर राहिला. तो घ्यायला परत जायची त्यांना लाज वाटली.

घरी सुभद्राबाई वाल सोलत होत्या. “आज लवकर?”

“काढलं मले मंडळातून.”

“काहून?”

“मी कूलर बंद केला.”

सुभद्राबाईंनी हातातली शेंग टोपलीत टाकली. “या थंडीत कूलर लावून बसले व्हते? मंग बरंच केलं. न्युमोनिया झाला असता एखाद्याले.” मग त्या म्हणाल्या, “मफलर कुठी गेला?”

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. भैय्याजी उतरले. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पेटीसारखा छोटा रेकॉर्ड प्लेअर, बगलेत रेकॉर्ड, आणि गळ्यात त्यांच्या स्वतःच्या मफलरवर मधुकररावांचा मफलर.

“आपल्याले कोणी पाह्यलं नाही न?” आत येता येता ते म्हणाले. “हे घ्या तुमचा मफलर. वैनी, हे संत्री. आन् मधुकरराव, तुमी मले तो श्वास दाखवा.”

“भैय्याजी, मला स्वतःलाच आता खात्री नाही. काल वाटलं खरं, पण डॉक्टर म्हणाले ते...”

“डाक्टरचं राहू द्या जी. तो रात्री ताप घेऊन गाडीत बसला. रेकॉर्ड माझी हाय. चार वर्सं झाले माझ्या घरात हाय. अन् माझ्याच रेकॉर्डमदला माणूस मले भेटला नाही, तुमाले भेटला. असं काहून?”

त्यांनी प्लेअर पाटावर ठेवला आणि दोघे जमिनीवर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. रेकॉर्ड लागली. स्वयंपाकघरात सुभद्राबाईंनी चहासाठी स्टोव्ह पेटवला होता आणि तो जोरात फुरफुरत होता.

“हा का?” भैय्याजींनी विचारलं.

“नाही. तो स्टोव्ह.” मधुकररावांनी हाक दिली, “सुभद्रे, स्टोव्ह बंद कर जरा!”

“मंग चहा?”

“मागून!”

स्टोव्ह सुसकारा टाकून बंद झाला. घर शांत झालं. वीणा एका स्वरावर येऊन थांबली. मधुकररावांनी बोट वर केलं. भैय्याजींनी तोंड उघडं ठेवून स्वतःचा श्वास रोखून धरला, त्यांचा मोठा चेहरा लाल होऊ लागला. आणि मग, तार ओढली जायच्या अगदी आधी, तो आला.

“आला!” भैय्याजींनी फुस्स करून हवा सोडली. “आला... का माझाच व्हता?”

“तेच मला कळत नाही,” मधुकरराव म्हणाले.

“दमा व्हता वाटते त्या माणसाले,” दारात उभ्या असलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या.

भैय्याजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रेकॉर्डकडे, मग सवयीने आजूबाजूला शेड कार्ड शोधलं. ते अर्थातच धरमपेठेत प्लास्टिकच्या पिशवीत होतं. “याचा रंग कोणता म्हणावं जी?”

 पुस्तकांतले बरेच शब्द मधुकररावांच्या डोक्यात येऊन उभे राहिले आणि लाजून परत गेले.

“थांबा,” ते म्हणाले. “आधी पुन्हा ऐकू.”

आणि त्यांनी भैय्याजींना न विचारता सुई उचलली आणि जरा मागे आणून ठेवली.